पुढे चालणारं पांढरं

कर्वेनगर, पुणे
४ ऑगस्ट २०२५

सोनबाभावजी,

नमस्कार. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहावं की नाही यावर चहा गार झाला, म्हणून नुसताच नमस्कार करते. मी दीपमाला, बापूराव शितोळ्यांची बायको. फोन मी दोनदा केला होता. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिलात. पत्राचं एक बरं असतं, ते फाडायला तरी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की माणूस पहिली ओळ वाचतोच. तेवढ्याच आशेवर लिहितेय.

कर्वेनगर ते लोणी काळभोर, मध्ये काय ते एक हडपसर. एवढ्या अंतरात तुम्ही दोघं सव्वीस वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत. का, ते मला कधी कळलं नाही. यांना विचारलं की म्हणायचे, "लष्करातलं लष्करात." मग मी विचारायचं सोडून दिलं. कारगिलच्या वेळी तुम्ही दोघं एका ट्रकवर होतात, हे स्टिअरिंगवर आणि तुम्ही शेजारी, वर दारूगोळा पोचवत होतात, एवढंच मला ठाऊक. ट्रकच्या बॉनेटवर बसलेला तुमचा दोघांचा एक फोटो आहे माझ्याकडे. दोघंही हसताय. यांचे इतके दात मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

आता मुद्द्याचं. हे आजारी आहेत. ताप-खोकला नव्हे, विसरण्याचा आजार. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं होतं, ते मी विसरले. एरवी यावर घरात हशा पिकला असता. दिवसा हे बरे असतात. पेपर वाचतात, भाजी निवडून देतात, माझ्या चहाला नावं ठेवतात. संध्याकाळ झाली की माणूस बदलतो. आधी खोलीतला दिवा बंद करतात, मग स्वयंपाकघरातला. देवापुढची समई लावली की बोटांच्या चिमटीत वात विझवतात. "वरून दिसेल," म्हणतात. आमच्या वर चौथ्या मजल्यावर इंदुबाई राहतात. त्यांना दिसून काय होणार आहे?

मागच्या आठवड्यात खाली जाऊन अख्ख्या इमारतीचं मेन स्विच ओढलं. त्याच इंदुबाई लिफ्टमध्ये अडकल्या. दुसऱ्या दिवशी आमचे सेक्रेटरी श्रीनिवास यांनी जिन्यात पाटी लावली: 'मुख्य बटणास हात लावू नये. ही सोसायटी आहे, सरहद्द नव्हे.' वाचून मला आधी हसू आलं आणि मग पायऱ्यांवरच बसले.

कारण अंधार झाला की हे माझ्या मागे लागतात. "पांढरं कुठं गेलं? पांढरं दिसत नाही. पांढरं गेलं!" मी हातरुमाल दिला, फेकला. दुधाचा पेला दिला, तोही फेकला. आमच्या घरात पांढरं असं फारसं नाहीच. लष्करातून आल्यापासून यांना पांढऱ्या चादरी चालत नाहीत, मुलाच्या लग्नात पांढरी टोपी घातली नाही म्हणून भावकी रुसली होती. आणि आता तेच पांढरं हवंय. आवाज चढतो, कपाळावर घाम येतो, डोळे ताणले जातात. माझ्याकडे बघतात आणि मी कोण ते यांना ठाऊक नसतं.

मी यांना घाबरते, भावजी. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. परवा मी न्हाणीघराची कडी लावून आत उभी राहिले आणि बाहेर यांची पावलं ऐकत राहिले. आपल्याच नवऱ्याची पावलं, अशी ऐकावी लागतील असं कधी वाटलं नव्हतं.

पांढरं म्हणजे काय, एवढं एकच सांगा. ते तुम्हाला नक्की ठाऊक असणार. अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण उजवं मनगट दारात सापडलंय. मुलाला यातलं फारसं सांगितलेलं नाही. त्याला त्याचे व्याप आहेत.

दीपमाला


२५ ऑगस्ट २०२५

सोनबाभावजी,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते, तरी पोस्टमन दिसला की खाली जात होते. आज लिहिते आहे ते तुम्ही वाचावं म्हणून नाही. कुणाला तरी सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल.

काल रविवार. मुलगा पृथ्वीराज, सून तनुजा आणि नात संस्कृती, असे तिघं आले होते. गणपती दोन दिवसांवर आलेत, मखराचं सामान पोचवायला आले होते. मुलगा हिंजवडीत असतो, येण्याजाण्यातच त्याचा जीव मेटाकुटीला येतो, म्हणून लगेच निघाले. संस्कृती गाडीत मागे जाऊन बसली. तनुजा विसरलेला डबा घ्यायला वर आली. पृथ्वीराज गाडी चालू ठेवून बाहेर फोनवर बोलत उभा होता. हे तिथेच बाकावर बसले होते. अंधारून आलं होतं.

आणि नदीकाठच्या रस्त्यावर ढोलपथकाचा सराव सुरू झाला.

तुम्हाला सांगायला नको तो आवाज कसा असतो. पुण्यात राहायचं म्हणजे श्रावणापासून तो छातीवर घ्यायचाच. पण पहिला ठोका पडला तसे हे उठले, सरळ गाडीत बसले, दिवे बंद केले आणि गेले. पृथ्वीराज ओरडत मागे धावला. मी गॅलरीतून पाहिलं. गाडीचा मागचा लाल दिवासुद्धा दिसत नव्हता, काळ्या रस्त्यावर एक काळा ठोकळा नुसता सरकत गेला. आत माझी नात होती. सात वर्षांची आहे ती.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. घड्याळाकडे बघायची हिंमत नव्हती. तनुजा डबा हातात घेऊन तशीच उभी होती. ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, पण ती रडत नव्हती. फोन वाजेपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

फोन वारज्याहून होता. संतोष नावाच्या एका मुलाचा. त्याचं झालं असं, की तो पांढरा शर्ट घालून स्कूटरवर घरी चालला होता आणि एक बिनदिव्याची गाडी त्याच्या मागे लागली. त्याने डावीकडे वळवली, गाडीही डावीकडे. त्याने वेग कमी केला, हिनेही कमी केला. बिचारा घाबरला. कुणाशी वैर नाही, काही नाही, आणि हे कोण? शेवटी जीव घेऊन आपल्या सोसायटीत शिरला तर गाडीही आत आली आणि त्याच्यामागे नीट, सरळ रेषेत उभी राहिली. हे खाली उतरले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाबास. माल पोचला." त्याने आत रडणारी पोर पाहिली, तिच्याकडून नंबर घेतला आणि फोन केला. देव त्याचं भलं करो.

गाडीला ओरखडा नाही. पण संस्कृती घरी येऊन काय म्हणाली ते ऐका. "आजोबांनी सिग्नललापण थांबवली नाही. एक म्हातारे बाबा क्रॉस करत होते ना, त्यांची पिशवी उडाली. मी रडले तर आजोबा म्हणाले, आवाज करू नकोस, काही झालं तरी थांबायचं नाही."

पिशवीच उडाली, भावजी. हातभर इकडे असती गाडी तर? हे मी रात्रभर मनात घोळवलं.

पृथ्वीराजचा आज फोन आला. "आई, हे सेफ नाहीये. मी एका ठिकाणी बोललोय. प्रॉपर जागा आहे, नर्सेस आहेत, कॅमेरे आहेत. दसरा झाला की शनिवारी नेऊ." मी विचारलं, दारं? तो म्हणाला, "दारं बाहेरून बंद असतात, आई. तोच तर पॉइंट आहे." जो माणूस अंधारात बंद जागी घाबराघुबरा होतो, त्याला बाहेरून कडी. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि नाही निघालं नाही. खरं सांगायचं तर एका मनाने मी हो म्हटलं. नेऊ देत, म्हटलं. मला एक संध्याकाळ दिवे लावून बसू दे.

नंतर त्या मनाला मी चांगलंच झापलं. पण ते गेलेलं नाही, इथेच कुठेतरी बसलंय.

त्या संतोषमुळे एक उलगडलं. पांढरं म्हणजे घ्यायची वस्तू नाही, पुढे चालणारं काहीतरी आहे. यांना त्याच्या मागे जायचं असतं. आता पुढचं तुम्ही सांगा. न सांगाल तर आमच्याकडे दसऱ्यापर्यंतच वेळ आहे.

दीपमाला


१७ सप्टेंबर २०२५

सोनबाभावजी,

तुमचं कार्ड गणपतीत मिळालं. 'पांढरं म्हंजी मी. सोनबा.' एवढंच. मी ते उलटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून. पुण्यातली माणसं तुसडी, असं सगळे म्हणतात. सगळ्यांनी लोणीला एक चक्कर मारावी.

मग परवा तुमच्या बायकोच्या, शालूताईंच्या, अक्षरातलं जाडं पाकीट आलं. तुम्ही सांगितलंत आणि त्यांनी लिहून घेतलं. त्यांनी तुमचे शब्द जसेच्या तसे ठेवलेत, त्यामुळे वाचताना तुमचा आवाज येत होता. मी आधी देवासमोर बसून वाचलं, मग गॅलरीत, मग हे झोपले असताना यांच्या उशाशी बसून.

तर असं होतं ते. द्रासच्या अलीकडचा रस्ता, वर डोंगरावर शत्रू बसलेला, खाली काडी पेटली तरी तोफ डागायचा. म्हणून गाड्यांचे दिवे बंद. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मग शेजारचा ड्रायव्हर खाली उतरायचा, पाठीवर पांढरा पंचा बांधायचा आणि गाडीच्या पुढे चालायचा. स्टिअरिंगवरच्याने फक्त त्या पांढऱ्यावर नजर ठेवायची. ते डावीकडे गेलं की डावीकडे, थांबलं की थांबायचं. मागे गोळ्यांनी भरलेला ट्रक, त्याच्यामागे तसेच आणखी ट्रक. आणि वरचा हुकूम एकच, गोळा पडला तर गाडी थांबवायची नाही. एक थांबली तर मागची सगळी रांग तिथेच सापडेल.

तुम्ही लिहिलंय: 'गोळा माज्या उजव्या अंगाला पडला. मी आडवा झालो. पाय हाय का न्हाई कळंना. गाडी येताना ऐकू आली तवा म्या हाक मारली, उस्ताद. लई मोठ्यांदा मारली. उस्तादानं गाडी थांबिवली न्हाई. चाक माज्या डोक्यापासनं हातभर गेलं. रबराचा वास आजून येतो. मागच्या समद्या गाड्या गेल्या, शेवटच्या गाडीनं मला उचाललं. पाय गेला, त्यो मी इसरलो वहिनी. ती गाडी न्हाई इसरलो.'

यावर मी काय लिहू? यांची बाजू मांडायला मी वकील नाही. हुकूम होता, हे तुम्हालाही ठाऊक आहे, तरीही तुम्ही विसरला नाहीत. तुमच्या जागी मी असते तर कार्डसुद्धा टाकलं नसतं.

फक्त दोन गोष्टी सांगते, त्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा.

एक. लष्करातून आल्यावर यांनी हिंजवडीच्या कंपनीची बस चालवली. दर वर्षी जूनच्या शेवटी एक दिवस रजा घ्यायचे. "लोणीकडे जाऊन येतो," म्हणायचे. संध्याकाळी यायचे. मी विचारायचे, भेट झाली का? तर चपला काढता काढता म्हणायचे, "गेलो होतो. थांबलो नाही." मला वाटायचं, सोलापूर रोडला ट्रॅफिकच तसं असतं. तुमच्या घरावरून गाडी नेऊन माणूस परत येत होता, हे मला परवा पाकीट वाचताना कळलं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. मला वाटत होतं, यांना संध्याकाळी भास होतात. भास नाहीत ते. पांढरं नाहीसं झाल्यानंतरचा जो रस्ता आहे, त्या रस्त्यावर हे रोज असतात. पुढे काही दिसत नाही, थांबायची परवानगी नाही, आणि तुम्ही चाकाखाली आलात की वाचलात ते यांना ठाऊक नाही. तुम्ही वाचलात हे दिवसा यांना माहीत असतं. संध्याकाळी ते पुसलं जातं. रोज, भावजी. माझ्या स्वयंपाकघरात, मी कुकर लावत असताना. हे कळल्यापासून यांची भीती वाटायची कमी झाली नाही, पण आता त्या भीतीत मी एकटी नाही, आम्ही दोघं आहोत.

आणि पहिल्या पत्रात लिहिलेलं ते मनगट दारात सापडलं नव्हतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी ढोल वाजला तसं यांनी मला खेचून जेवणाच्या टेबलाखाली घातलं आणि वरून दाबून धरलं. माझा श्वास कोंडला. सुटायला गेले तेव्हा मनगट पिरगाळलं. मला वाचवत होते, हे आता समजतं. तेव्हा वाटलं होतं की आज मी काही यातून उठत नाही.

'मी येनार न्हाई' असं शेवटी तुम्ही लिहिलंय, त्याखाली शालूताईंनी रेघ मारली आहे. तुम्ही मारायला लावली की त्यांनी आपणहून, ते कळत नाही. बरं, येऊ नका. पण पंचा कसा बांधायचा ते सांगा. किती पुढे चालायचं, वेग केवढा, मागे बघायचं की नाही, आणि यांच्याशी बोलायचं ते काय. दसरा दोन ऑक्टोबरला आहे. शनिवारी, चार तारखेला, यांना नेणार.

दीपमाला


३ ऑक्टोबर २०२५

सोनबाभावजी,

शालूताईंचा फोन आला तेव्हा तुम्ही मागे बसून सांगत होतात, ते मला सगळं ऐकू येत होतं. "तिला म्हनावं गाठ म्होरं नगं, काखंतनं घे," हे त्यांनी मला सांगायच्या आधीच मी ऐकलं होतं. फोन हातात घेतला असता तर पैसे वाचले असते. असो.

पंचा लक्ष्मी रोडवरून आणला. दुकानदाराने विचारलं, सोवळ्याचा हवा का? मी म्हटलं, लष्कराचा.

परवा खंडेनवमी होती. दर वर्षी हे त्या दिवशी गाडीच्या चाकाला हळदकुंकू वाहायचे, यंदा वाहायला गाडीच ठेवलेली नाही. पृथ्वीराज यांची बॅग भरायला आला होता. मी त्याला म्हटलं, आज संध्याकाळी मधे पडू नकोस, काही दिसलं तरी. तो म्हणाला, "आई, तू पण ना..." आणि बॅगेत यांचे कपडे कोंबायला लागला. मग सेक्रेटरींकडे गेले. जिन्यातले आणि आवारातले दिवे थोडा वेळ बंद ठेवा म्हटलं. श्रीनिवास माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "इंदुबाई लिफ्टमध्ये नाहीत ना, तेवढं बघून घ्या." आणि स्वतः जाऊन बटणं बंद केली. माणसाचं खरं तोंड त्याच्या पाटीवर नसतं.

पाठीवर पंचा बांधला आणि घरातले दिवे या वेळी मीच बंद केले, यांच्याआधी. हे खुर्चीतून उठले. "पांढरं?" मी पाठमोरी झाले आणि तुम्ही सांगितलंत तसं म्हटलं, "म्होरं हाय, उस्ताद."

भावजी, ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाठ करून अंधारात चालायचं, हे तुम्ही रोज कसं केलंत? मागून एक धक्का बसला असता तर मी जिन्यावरून थेट खाली. मागे बघायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं. मी कठडा धरून उतरत राहिले. यांची पावलं माझ्या पावलात पाऊल टाकत येत होती. मी थांबले की थांबत होती. माझ्या मानेवर यांचा श्वास नव्हता, ते अंतर राखून होते, ट्रक राखतो तेवढं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हे ओरडत नव्हते.

आवारात आलो. भिंतीच्या कडेने मी चालले, पार्किंगच्या खांबांना वळसा घातला. दूर कुठेतरी गरब्याची गाणी चालली होती. मला वाटलं, जमलं. आणि पलीकडच्या गल्लीत कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला.

मी दचकले. गाड्यांसाठी जो उतार केलाय त्याच्या कडेला माझा पाय अडकला आणि मी आडवी झाले. अंगाखाली उजवा गुडघा. आणि मागून पावलं आली, थांबली नाहीत. वेग वाढला. मला ती जमिनीतून कानाला ऐकू येत होती. तुम्ही लिहिलेलं सगळं मला त्या वेळी आठवलं, रबराच्या वासासकट. हे आता माझ्यावरून जाणार, एवढंच कळत होतं. मग कुठून बळ आलं कोण जाणे, मी हाक मारली, "उस्ताद!"

पावलं थांबली.

मी डोळे उघडले तेव्हा यांचे पाय माझ्या तोंडासमोर होते. यांनी हवेत उजवा हात मागे खेचला, हँडब्रेक ओढल्यासारखा. मग खाली बसले. अंधारात दोन्ही हातांनी माझे पाय चाचपायला लागले, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, एक पाय, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. "हायत," म्हणाले. "दोनी हायत." आणि रडायला लागले. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा हे असे रडले नव्हते. "सोनबा, थांबिवली बघ गाडी. मागच्यांना बोंबलू दे. मी थांबिवली."

मी म्हटलं, "बघितलं, उस्ताद."

पृथ्वीराज जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तो पुढे आला नाही, हे त्याचं मोठेपण. नंतर आम्हा दोघांना वर नेताना तो वडिलांच्या पुढे चालत होता आणि सारखा मागे वळून बघत होता. मी म्हटलं, मागे बघायचं नसतं रे. बॅग त्याने भरलेलीच ठेवली आहे, पण नेणं पुढे ढकललंय. "दिवाळीपर्यंत बघू," म्हणाला. दिवाळी म्हणजे फटाके. फटाक्यांचा विचार आला की मला आतापासून धडकी भरते. हे बरे झालेत अशा भ्रमात मी नाही. कालही यांनी दिवे बंद केले, कालही पांढरं विचारलं. फक्त मी पंचा बांधून पुढे झाले तेव्हा हे मुकाट्याने मागे आले. पण माझा गुडघा सुजलाय. डॉक्टर म्हणतात, जिना बंद. उद्यापासून पुढे कोण चालणार, हा प्रश्न आहे.

आता जे सांगायचं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं ते. तिथे जमिनीवर बसलेले असताना यांनी मला विचारलं, "सोनबा, राग हाय का रं?"

मी नाही म्हणून टाकलं.

तुमच्या नावाने बोलले मी, तुम्हाला न विचारता. सव्वीस वर्षांचा तुमचा राग, त्यावर माझा काडीचा हक्क नाही, आणि मी तो एका शब्दात देऊन टाकला. यांनी ऐकलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. हे उद्या विसरतील, पुन्हा विचारतील. रोज विचारतील. मी किती दिवस तुमच्या वतीने खोटं बोलू?

खोटं असेल तर येऊन तुम्हीच त्यांना तसं सांगा. मी अडवणार नाही. खरं असेल तरीही तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून ते अर्धंच निघतं. तुमचा एक पाय आणि माझा एक गुडघा, दोघांचं मिळून एक धड माणूस होईल, जिना उतरता येईल.

हल्ली साडेसहालाच अंधार पडतो. त्याच्या आत या. पंचा धुऊन दाराच्या खुंटीवर ठेवलाय.

दीपमाला